दोन रकाने आणि चार भाषा

समजा, धुळ्याचा एक इंजिनीअर आहे. घरी आईशी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. याला किती भाषा येतात? चार. पण २०११ च्या जनगणनेच्या फॉर्मात त्याच्यासाठी जागा होती तीनच भाषांना! मातृभाषा एक, आणि 'येणाऱ्या इतर भाषा' जास्तीत जास्त दोन. मातृभाषा अहिराणी लिहिली, तर मराठी-हिंदीनंतर इंग्रजी बाहेर. मराठी लिहिली, तर हिंदी-इंग्रजी आत आणि आईची भाषा गुल.

गंमत म्हणून सोडून देऊ नका, कारण भाषेचा सगळा हिशोब यावरच चालतो.

मुळात अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद जुनाच. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड (१९०५) वेगळा, आणि खानदेशी मात्र दोन वर्षांनी आलेल्या भिली भाषांच्या खंडात. 'मना भाऊ उना' (माझा भाऊ आला) ऐकलं की कारण थोडं कळतं. 'धुळाना'मधला तो 'ना' गुजराथीचा शेजार सांगतो. पुढे जनगणनेतही 'खानदेशी' हे मराठीपासून वेगळं नाव राहिलं, अहिराणी त्यातच मोजली जाते.

आता आकडे बघा. १९९१ साली खानदेशी भाषक सुमारे ९.७ लाख, २००१ साली २०.७ लाख, २०११ साली १८.६ लाख. दहा वर्षांत दुपटीपेक्षा जास्त आणि मग घट! एवढी पोरं काही जन्माला आली नाहीत, नि एवढी माणसं मुकीही झाली नाहीत. बदललं ते उत्तर. आपण मोजतो ती भाषा नसते, दारात आलेल्या माणसाला काय सांगितलं ते असतं.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळा विचारतात: घरी इंग्रजीखेरीज कुठली भाषा बोलता? आणि इंग्रजी किती चांगलं येतं? म्हणजे घरची भाषा आणि इंग्रजी एकमेकांची जागा खात नाहीत. आपल्याकडे 'किती चांगलं' हा प्रश्नच नाही. बोलता-समजता आलं की भाषा 'येते'.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याला माझा काडीचाही विरोध नाही, माझी रोजीरोटी त्यावरच आहे. पण पुण्या-मुंबईत आलेले आपण खानदेशी लोक पोरांशी अहिराणी बोलायला लाजतो, हे खरं दुखणं. इंग्रजी शिकायला अहिराणी सोडावी लागत नाही. रकाने दोन असतील, डोक्यात जागा भरपूर आहे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आता संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलली ती, ही जनगणनेचीच व्याख्या. तेव्हा उत्तर देताना शाळा नको, ऑफिस नको... आई आठवा.