मराठी ख्रिस्ती मंडळींतील शिष्यपरंपरा व ‘देवाचा दरबार’

तुळजापूरच्या श्रीतुळजाभवानीच्या देवस्थानांत अधिकार पुढें चालण्याच्या दोन रीती शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. भोपे पुजाऱ्यांचा अधिकार वंशानें चालतो. बापाचा हक्क मुलाकडे येतो. देवस्थानाशीं संबद्ध अशा मठांची गोष्ट निराळी. भारतीबुवांचा मठ, गरीबनाथांचा मठ हीं नांवें वाचकांच्या परिचयाचीं आहेत. दशनामी व नाथपंथी मठांचा रिवाज असा कीं, महंतानें चेला करावा आणि गादी त्या चेल्याकडे जावी. रक्ताचें नातें तेथें गौण. देवी भारतीबुवांच्या मठांत सारीपाट खेळावयास येते ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी देवळाचें व मठाचें नातें किती जिव्हाळ्याचें मानलें जाई हें तिच्यावरून कळतें. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, शिष्यपरंपरा केवळ उपदेशावर टिकत नाहीं. तिला गादी लागते, नेमलेला चेला लागतो, नित्याचें काम लागतें व योगक्षेमाची तजवीज लागते.

याच मापानें मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतील एक प्रकरण मोजून पाहावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलुखांत होतें. परंतु त्याच्या शेजारचें सोलापूर इंग्रजी अमलांत होतें, आणि तेथें व त्याच्याही आधीं अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें बसलें होतें. हें मिशन मुंबईस १८१३ त आलें व नगरास १८३१ त पोंचलें. ज्या प्रांतांत गुरु म्हणजे काय हें पोराटोरांसही ठाऊक, तेथें ख्रिस्ती उपदेशक कसा घडवावा, हा प्रश्न या लोकांपुढें प्रथमपासूनच उभा राहिला.

नगरास आलेल्या पहिल्या टोळींत बाबाजी नांवाचा एक ब्राह्मण ख्रिस्ती होता. तो १८३३ त पटकीनें वारला. हॉलिस रीड यानें त्याचें चरित्र व लिखाण एकत्र करून १८३६ त अमेरिकेंत इंग्रजींत छापविलें. आपल्या एका सहाय्यकावर दोन भागांचा ग्रंथ लिहावा इतकें महत्त्व मिशनऱ्यास वाटलें, यांतच सर्व आलें. बाबाजीचें शिक्षण शाळेंत झालेलें नव्हतें. मिशनऱ्याच्या सहवासांत, प्रवासांत व वादविवादांत तो तयार झाला. ही रीत आपल्याकडील गुरुगृहींच्या वासाशीं बरीच जुळती होती. पण तीस कोणीं तसें नांव दिलें नाहीं, आणि बाबाजी गेल्यावर ती चालविण्याचा प्रयत्नही फारसा झाला नाहीं.

पुढें वळण निराळें लागलें. अमेरिकन बोर्डाचा चिटणीस रुफस अँडरसन हा १८५४-५५ त हिंदुस्थानांत पाहणीसाठीं आला. त्याचें मत असें कीं, देशी मंडळ्यांचे पाळक देशीच असावेत, आणि मंडळ्यांनीं स्वतःचा खर्च, कारभार व प्रसार स्वतःच करावा. इंग्लंडांत हेन्री व्हेन हाही त्याच सुमारास असेंच प्रतिपादन करीत होता. १८५४ त नगरास हरिपंत रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा देण्यांत आली. यांपैकीं हरिपंतांचा बाप्तिस्मा १८३९ चा. म्हणजे शिष्याचा पाळक होण्यास पंधरा वर्षें लागलीं! तत्त्व उदार होतें. परंतु व्यवहारांत उपदेशकाचा पगार बहुशः परदेशांतून येई, आणि जेथून पगार येतो तेथेंच हुकूम राहतो हा आपल्या दप्तरखान्यांतल्या कोणत्याही कारकुनास कळणारा न्याय आहे.

शिक्षणाची व्यवस्था मात्र पक्की होत गेली. मुंबईंत जन्मलेले व अमेरिकेंत शिकलेले डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनीं १८७८ त नगरास धर्मशिक्षणाची शाळा स्थापिली. तेथें वर्ग, परीक्षा, नेमणुका सर्व कांहीं होतें. शाळेबाहेर आणखी एक प्रवाह वाहत होता. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं १८६० च्या दशकांत ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. टाळ-मृदंगाच्या साथीनें ख्रिस्तचरित्र ऐकण्यास लोक जमत. शाळेंतून नोकर तयार होत व कीर्तनांतून श्रोते. शिष्य कोठून यावेत हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नावर ज्यानें आपलें सर्वस्व पणास लावलें तो पुरुष म्हणजे रेव्ह. नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ त कोंकणांत करजगांवीं झाला. १८९३ त राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला, व ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें ते नगरास राहिले, ह्यूमसाहेबांच्या शाळेंत शिकवूं लागले, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. तुकोबांच्या अभंगांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते उघड सांगत. अशा मनुष्यास पगारी उपदेशकाची चाकोरी किती दिवस मानवावी? १९१७ त त्यांनीं मिशनच्या नोकरीचा त्याग केला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला.

दरबाराची कल्पना थोडक्यांत अशी: बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एका बंधुसंघांत यावेत, आणि ख्रिस्त हाच त्यांचा एकमेव गुरु असावा. मिशनरी मंडळींस यांतलें पूर्वार्ध खटकलें, कारण बाप्तिस्म्यावांचून शिष्यत्व म्हणजे मंडळीची वेसच मोडणें होय. आमच्या मतें खरी मेख उत्तरार्धांत आहे. ज्या संघांत देहधारी गुरूस गादीच नाहीं, त्यांत गादीचा वारस कोठून येणार? टिळकांचा स्वभाव, वाणी व कविता यांच्या ओढीनें माणसें जमत. पण चेला नेमलेला नव्हता व उत्पन्नाची सोयही नव्हती. ता. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. दरबार दोन वर्षेंही पुरता चालला नव्हता. त्यांच्यामागें तो टिकला नाहीं.

येथें एक विपर्यास लक्षांत घेण्यासारखा आहे. टिळकांनीं जिचा त्याग केला ती मिशनची व्यवस्थाच बाह्यांगानें तुळजापुरासारख्या क्षेत्रींच्या मठांस अधिक जवळची होती. तिच्यांत नेमणूक होती, नित्यकर्म होतें, योगक्षेम होता. आणि टिळकांचा दरबार, ज्याचें नांव व भाषा अस्सल देशी, त्यांत देशी मठास शतकानुशतकें जगविणारें एकही अंग नव्हतें. तो अंतरंगानें वारकऱ्यांच्या फडाजवळ जातो असें कोणी म्हणेल. पण फडासही फडप्रमुख असतो व दरसाल पंढरीची वारी असते. दरबाराची अशी कोणतीच वारी नव्हती. याचा दोष टिळकांस देणें अन्याय होईल. ज्याला आयुष्याचीं शेवटचीं अवघीं दोन वर्षें मिळालीं, त्याच्याकडून संप्रदायाची अपेक्षा कोणीं करावी?

तथापि परंपरा अगदींच खुंटली असें नव्हे. टिळकांचे स्नेही जे. सी. विन्स्लो यांनीं १९२२ त ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. त्याचा आश्रम पुढें पुण्यास झाला, व त्यांत साधी राहणी, एकत्र वास आणि उपासना यांचा नियम घालून दिलेला होता. म्हणजे दरबारांत जें उणें होतें तेंच येथें आधीं भरून काढलें. टिळकांचें इंग्रजी चरित्रही विन्स्लो यांनींच १९२३ त प्रसिद्ध केलें.

दुसरा वारसा घरांतच निघाला. १९०९ त टिळकांनीं ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें, पण सुमारें दहाच अध्याय त्यांच्या हातून झाले. पतीच्या धर्मांतरानंतर पांच वर्षें विरोधांत व विचारांत घालवून १९०० त ज्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांचें शालेय शिक्षण जवळजवळ शून्य, त्या लक्ष्मीबाईंनीं पुढील साठांहून अधिक अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रें’ लिहिणारी लेखणी तीच. १९३६ त त्या वारल्या तेव्हां शेवटचा अध्याय राहिला होता. तो चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला आणि १९३८ त ग्रंथ छापून बाहेर पडला. जो शिष्य टिळकांनीं साताऱ्याच्या दरबारांत शोधला, तो स्वयंपाकघरांत बसला होता!

आमच्या संग्राहकांत मिशनसंबंधीं कागदांविषयीं एक प्रकारची उदासीनता आहे. तीं परक्यांचीं लिखाणें असें समजलें जातें. महंतांच्या वारसाचे तंटे व इनामांचे कागद आपण जिवापाड जपतों. पाळकांच्या नेमणुका, मंडळ्यांच्या सभांचीं टिपणें, ‘ज्ञानोदया’च्या जुन्या फाइली व कीर्तनकारांच्या वह्या हीं त्याच प्रश्नाचीं साधनें होत; त्यांतही गुरु कोण, चेला कोण आणि भाकर कोणाची, हाच वाद मराठींतच चाललेला आढळतो. एखाद्या जुन्या ख्रिस्ती घराण्याच्या माळ्यावर असें बाड हातीं लागल्यास तें मठाच्या दप्तराशेजारींच ठेवावें.