वाळवंटांतील एका पाणवनस्पतीची नोंद

या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें धर्मग्रामाचीं जुनीं बाप्तिस्म्याचीं पुस्तकें आम्हीं पुन्हां उघडलीं. नांव, दिवस, ठिकाण आणि शेवटीं धर्मगुरूची सही, एवढ्या चार गोष्टींवर कित्येक घराण्यांचा इतिहास उभा आहे! तीं पानें उलटतांना आम्हांस दुसऱ्या एका नोंदसंग्रहाची आठवण झाली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत ब्लॅटर हर्बेरियम नांवाचें वनस्पतींचें भांडार आहे. दाबून वाळविलेली वनस्पति कागदावर बसवावयाची आणि खालीं तिचें नांव, सांपडल्याचें ठिकाण, दिवस व गोळा करणाराचें नांव लिहावयाचें, ही तेथील रीत.

हें भांडार ज्यांच्या नांवानें ओळखिलें जातें ते येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर १८७७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें जन्मले व १९०३ सालीं मुंबईस आले. १९१७ चा पावसाळा सरत आला असतां प्रा. हॉलबर्ग यांच्यासह ते जोधपूर व जैसलमेर संस्थानांच्या वाळवंटांत गेले. तेथील वनस्पतींचें वर्णन १९१८ ते १९२१ पर्यंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालें.

वाळवंट म्हटलें कीं कांटेरी झुडपें डोळ्यांपुढें येतात. परंतु या उभयतांनीं १९१८ सालीं ज्या नव्या जातींचें वर्णन केलें, त्यांत अमानिया डेझर्टोरम ही एक होती. लॅटिन नांवाचा अर्थ ‘वाळवंटांची अमानिया’. हें कुळ मुळांत पाणथळीचें! आपल्या कोंकणांत भाताच्या खाचरांत उगवणारें भरजांभूळ तिचेंच सोयरें. ओहोटलेल्या तळ्याच्या ओल्या कांठावर हीं रोपें झटपट वाढतात, बारीक बियांनीं भरलेलीं बोंडें धरतात आणि ओल संपतांच मरून जातात. मागें उरतें तें केवळ मातींतलें बीं.

येथें एक गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी आहे. १९१७ सालीं हिंदुस्थानांत पाऊस उदंड झाला. पुढच्याच, १९१८ सालीं, भयंकर अवर्षण पडलें. ते एक वर्ष उशिरां निघते तर सुकलेल्या तळ्यांच्या कांठीं त्यांस काय दिसलें असतें? ‘येथें पाणवनस्पति नाहीं’ असें लिहून ते परतले असते, आणि तें खोटें ठरलें असतें. पत्रावरची नोंद जें दिसलें त्याची साक्ष देते. जें दिसलें नाहीं तें नाहींच, असें ती कधींच म्हणत नाहीं.

या साक्षीचें मोल पुढें वाढलें. १९८० नंतरच्या दशकांत राजस्थान कालव्याचें पाणी जैसलमेरपर्यंत पोहोंचलें. कालव्याबरोबर ओल आली आणि ओलीच्या मागोमाग नव्या वनस्पतीहि आल्या. आतां तेथें एखादें पाणथळीचें रोप दिसलें, तर तें मूळचें कीं नवागत? याचा निवाडा कालव्यापूर्वींच्या पत्रांवांचून होऊं शकत नाहीं. १९७८ सालीं प्रा. भंडारी यांनीं याच वाळवंटाच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांच्याहि पूर्वीं ही वाट ब्लॅटर-हॉलबर्ग यांनीं पाडून ठेविली होती. त्याच वनस्पतींच्या अंतर्रचनेचा अभ्यास १९१९ पासून टी. एस. सबनीस यांनीं प्रसिद्ध केला, हें आपणां मराठी जनांस अभिमानास्पद आहे.

फादर ब्लॅटर १९३४ सालीं प्रभूच्या घरीं गेले. कागद मात्र राहिले.

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, आपल्या पुस्तकांतहि अशीं नांवें आहेत कीं ज्यांचीं घरें पोटापाण्यासाठीं दूर गेलीं आणि जीं वर्षानुवर्षें मंदिरांत दिसलीं नाहींत. त्यांस आम्ही हरवलेलीं म्हणत नाहीं. कोरडें साल म्हणजे बीं मेलें असें नव्हे. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, घरच्या पेटींत जुना दाखला, पत्र वा छायाचित्र असेल तर त्यावर नांव, गांव व साल लिहून ठेवा. पुढच्या पिढीस तीच साक्ष उपयोगीं पडेल.