मांजराचे वावडे : खाजेचे मूळ शोधण्याचा क्रम

मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. त्यामुळे ते खाजेने हैराण झाले आहे हे घरच्यांच्या फार उशिरा ध्यानात येते. कुत्रा पाय आपटत खाजवतो आणि सगळ्यांना कळते. मांजर पलंगाखाली जाऊन मुकाट्याने चाटत राहते. काटेरी जिभेखाली केस तुटत जातात, पोटावरची आणि मांड्यांच्या आतली कातडी उघडी पडते आणि घरात निदान होते : 'केस गळतायत.' हे गळणे आहे की चाटून तोडणे, याचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली लगेच होतो. केसाचे टोक निमुळते असेल तर तो आपणहून गळलेला. टोक तुटके असेल तर मांजराने तोडलेला. ही साधी तपासणी करून घ्यायचा आग्रह मालकाने धरावा, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा असतो.

वावडे म्हणजे एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने शत्रू समजणे. मांजराची त्वचा ही तक्रार मोजक्याच रूपांत मांडते. डोके आणि मान ओरबाडून रक्तबंबाळ होणे. चाटून पडलेले टक्कल. पाठीवर आणि मानेवर हाताला बाजरीच्या दाण्यांसारख्या लागणाऱ्या बारीक खपल्या. किंवा वरच्या ओठावरचा व्रण आणि पोटावरचे लाल, ओलसर चट्टे. अडचण अशी की यातले कोणतेही रूप कोणत्याही कारणाने येऊ शकते. खपल्या पाहून 'हे माशाचे वावडे' असे कोणालाही सांगता येत नाही. म्हणूनच एकेक शक्यता ठरलेल्या क्रमाने बाद करत जावे लागते. त्याआधी कानातले व त्वचेतले सूक्ष्म कीटक आणि गजकर्ण नाहीत याची खात्री हवी. मांजराचे गजकर्ण माणसालाही लागते आणि त्यावर स्टिरॉइड दिले तर ते फोफावते.

क्रमात पहिली पिसू. खाज पिसवेच्या लाळेतल्या प्रथिनांनी सुटते, आणि वावडे असलेल्या मांजराला मोजके चावेही पुरतात. 'आमच्याकडे पिसवा नाहीत, आम्ही पाहिले,' हे उत्तर मनापासूनचे असले तरी पुरावा म्हणून कच्चे आहे, कारण खाजणारे मांजर पिसवा चाटून गिळून टाकते. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. त्यांच्याभोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे मांजराचेच पचलेले रक्त. अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत असतात. कोषातली पिसू कित्येक महिने तग धरते. मुंबई-कोकणाच्या दमट, उबदार हवेत तिला बारमाही सोय आहे. त्यामुळे उपचार घरातल्या प्रत्येक जनावरावर, सलग काही महिने करावा लागतो. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. ते निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. झटके येऊन मांजर दगावू शकते.

पिसवा हटल्या आणि खाज राहिली, तर अन्नाकडे वळावे. मांजरांत सर्वाधिक आढळणारी वावडी गोमांस, मासे आणि कोंबडी यांची. वर्षानुवर्षे जे बिनतक्रार खाल्ले त्याचेच वावडे निर्माण होते. त्यामुळे 'ते तर लहानपणापासून बांगडाच खाते' हा बचाव नव्हे, उलट संशयाला जागा आहे. (दुधाने जुलाब होणे हे मात्र बहुधा वावडे नसते, मोठेपणी दुधातली साखर पचत नाही, एवढेच.) रक्ततपासणीने अन्नाचे वावडे भरवशाने कळत नाही. खरी परीक्षा एकच : आधी कधी न खाल्लेले एकच मांस, किंवा प्रथिने बारीक तोडलेले 'हायड्रोलाइज्ड' खाद्य, किमान ८ आठवडे. आराम पडल्यावर जुने अन्न पुन्हा द्यावे. साधारण दोन आठवड्यांत खाज परतली तर निदान पक्के. ही दुसरी पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मग सुधारणा अन्नाने झाली की ऋतू पालटल्याने, हे कधीच कळत नाही. मधल्या काळात शेजारच्या काकूंनी प्रेमाने घातलेले बोंबलाचे डोके सगळी मेहनत वाया घालवते. म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवावे आणि शक्यतो मांजर घरातच ठेवावे. नवे खाद्य जुन्यात मिसळत हळूहळू आणावे. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट घातक ठरतो. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतते.

दोन्ही शक्यता बाद झाल्यावरच धूळ, धुळीतले कीटक, परागकण यांवर बोट ठेवता येते. ही कारणे टाळता येत नाहीत, म्हणून औषध दीर्घकाळ चालते. मांजराला प्रेडनिसोन नव्हे, प्रेडनिसोलोन द्यावे, कारण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर त्याचे शरीर नीट करत नाही. स्टिरॉइड लवकर गुण देते, पण दीर्घ वापराने मधुमेहाचा धोका असतो. सायक्लोस्पोरिनला गुण यायला काही आठवडे लागतात. खास कुत्र्यासाठी बनवलेले प्रतिपिंडाचे इंजेक्शन मांजराला देऊ नये.

वावड्याचे एक रूप त्वचेवर दिसतच नाही. मांजर जमिनीला चिकटून, मान लांबवून खोकते आणि काहीच बाहेर पडत नाही. केसांचा गोळा अडकला असेल म्हणून घरचे थांबतात. तो दमा असू शकतो. अशा घरात उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती आणि तंबाखूचा धूर बंद करावा. दम्याचे औषध मास्क आणि नळीतून हुंगवता येते. मास्कची ओळख मात्र आधी नुसती, मग खाऊसोबत, काही दिवस सावकाश करून द्यावी. मास्क लावून सात ते दहा श्वास मोजले की मात्रा पोचते. तोंड उघडून धापा टाकणाऱ्या मांजराला मात्र सकाळची वाट न पाहता, तसेच उचलून दवाखान्यात न्यावे.