फांद्यांची टोके

प्राण्यांच्या देहात जागोजागी वृक्षाचा आकार दडलेला आढळतो. श्वासनलिका दुभंगत दुभंगत फुप्फुसांत शिरते; रोहिणी फाटे फोडीत बोटांच्या अग्रांपर्यंत पोचते. परंतु ज्या वृक्षाच्या फांद्यांवरून शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला, तो वृक्ष मेंदूत आहे. मेंदूतील पेशींना फुटणाऱ्या फांद्या शेवटी एकमेकींत मिसळून जातात, की प्रत्येकीचे टोक मोकळेच राहते, हा तो वादाचा प्रश्न.

प्रश्न दिसावयास किरकोळ; पण त्याच्या उत्तरावर पुष्कळच अवलंबून होते. फांद्या मिसळत असतील तर सारा मेंदू म्हणजे एक अखंड जाळे; मग अमुक एका पेशीचे अमुक कार्य, असे म्हणण्यास आधारच उरत नाही. टोके मोकळी असतील तर मेंदू हा असंख्य स्वतंत्र पेशींचा समुदाय ठरतो. कलकत्त्यानजीक शिवपूरच्या वनस्पति-उद्यानातील महावट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यातील मर्म सहज उमगेल. दुरून ते अरण्य भासते. वस्तुतः तो एकच वृक्ष आहे. मेंदूच्या बाबतीत प्रकार याच्या उलट तर नसेल?

१८७३ साली मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो या गावी, असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात काम करीत असताना, कामिल्लो गोल्जी या इटालियन वैद्याने एक नवी रीत प्रसिद्ध केली. मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला असता त्यातील मोजक्याच पेशी काळ्याभोर होत आणि पिवळसर पार्श्वभूमीवर सर्व शाखांसह उठून दिसत. जर्मन शास्त्रज्ञ गेर्लाख याने पेशींच्या आखूड शाखांचे जाळे कल्पिले होते. त्या शाखा मोकळ्याच संपतात, हे गोल्जीने ओळखले. मात्र पेशीतून निघणारा लांब अक्षतंतू आणि त्याचे फाटे मिळून अखंड जाळे होते, हे मत त्याने सोडले नाही.

चौदा वर्षांनी, १८८७ साली, सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश प्राध्यापकाला माद्रिदमध्ये या रीतीने रंगविलेले छेद पाहावयास मिळाले. त्याच वर्षी तो वालेन्सियाहून बार्सेलोनास रुजू झाला आणि या कामास लागला. प्रौढ मेंदूत फांद्या लांब व गुंतलेल्या असतात आणि अक्षतंतूवरील आवरणामुळे त्यावर रंग नीट चढत नाही. म्हणून काहालने पक्ष्यांचे भ्रूण आणि लहान प्राण्यांची पिले निवडली. तेथे आवरण अद्याप तयार झालेले नसते आणि फांद्याही आखूड असतात. १८८८ साली त्याने पक्ष्यांच्या लहान मेंदूविषयीचे निष्कर्ष स्वतःच काढलेल्या नियतकालिकात छापले. अक्षतंतूंचे फाटे मोठ्या पेशींभोवती टोपलीसारखे विणले जातात, पेशीला भिडतात. पण तिच्यात विलीन होत नाहीत.

स्पॅनिश वाचणारे शास्त्रज्ञ युरोपात थोडेच होते. तेव्हा १८८९ साली काहाल स्वखर्चाने बर्लिनच्या परिषदेस गेला आणि आपले छेद त्याने प्रत्यक्ष दाखविले. बाहत्तर वर्षांच्या क्योलिकरसारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने ते पाहून जाळ्याची कल्पना सोडली. १८९१ साली वाल्डेयरने या स्वतंत्र पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. स्टॉकहोममध्ये ११ डिसेंबरला गोल्जीने आपल्या व्याख्यानात न्यूरॉनच्या सिद्धांतावरच हल्ला चढविला. दुसऱ्या दिवशी काहालने त्याच सिद्धांताचे पुरावे मांडले. गोल्जीने १९२६ मध्ये व काहालने १९३४ मध्ये जगाचा निरोप घेतला. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट दाखविली. ती सामान्यतः मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. काही ठिकाणी पेशी अतिसूक्ष्म मार्गांनी जोडलेल्याही सापडल्या. तथापि तेथेही प्रत्येक पेशीची सीमा कायम असते.

रीत गोल्जीची, निष्कर्ष काहालचा. गोल्जीची दृष्टी अधू होती असे मात्र नव्हे. फांद्या जेथे दाट झाल्या, तेथे पुढचा भाग त्याने कल्पनेने जोडून घेतला. काहालने फांद्या विरळ असतील अशी जागा शोधली आणि टोक दिसेपर्यंत तो पाहत राहिला.