शूजवरचा वॉटर-रिपेलंट स्प्रे हिंदमाताच्या पाण्यात चालतो का?

थोडक्यात उत्तर: पावसाच्या शिंतोड्यांना चालतो, साचलेल्या पाण्याला नाही.

स्प्रे काम कसा करतो?
त्यातलं सिलिकॉन किंवा फ्लोरोपॉलिमर धाग्यांवर पातळ थर देतं. मग पाणी पसरत नाही, अळूच्या पानावरच्यासारखं थेंब होऊन घरंगळतं. चिखलही पटकन पुसला जातो.

मर्यादा काय?
कापडाची छिद्रं उघडीच राहतात आणि चालून-घासून थर झिजतो. परळ-दादरला घोट्याच्या वर पाणी आलं की ते वरूनच शूजमध्ये शिरतं.

कसा मारायचा?
१. शूज धुऊन पूर्ण सुकवा.
२. गॅलरीत, मोकळ्या हवेत स्प्रे मारा; वास नाकात जाऊ देऊ नका.
३. डब्यावर दिलेला वेळ सुकू द्या.

भिजलेच तर?
इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायरच्या गरम हवेने सोलचा गोंद सुटू शकतो.

हे विसरू नका
साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. तिथे गमबूटच घाला. पाण्यातून चालावं लागलंच, तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. ताप यायची वाट बघू नका.