ईरी सरोवर आणि शेतातला स्फुरद

शेतातून वाहून गेलेलं खत कुठं जातं? अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर पाहा. १९६० नंतर ते शेवाळानं इतकं माखलं, की लोक त्याला मेलेलं सरोवर म्हणू लागले. मुख्य दोष सांडपाण्यातल्या आणि धुण्याच्या पावडरीतल्या स्फुरदाचा. १९७२ साली दोन्ही देशांनी करार करून तो आवरायला घेतला. साबणवाल्यांना हे पटेना! पण १९७३ साली कॅनडात एका तळ्यात मधोमध पडदा लावला. नत्र आणि कर्ब दोन्हीकडे टाकला, स्फुरद एकीकडेच. तेवढीच बाजू हिरवीगार झाली.

ईरी सुधारलं. मात्र १९९० नंतर शेवाळ परतलं. या खेपेला स्फुरद येत होता मुख्यतः मॉमी नदीतून, म्हणजे शेतांतून. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या नळाला शेवाळाचं विष उतरलं. जवळजवळ तीन दिवस चार लाखांवर लोकांना ते पाणी पिता येईना. उकळून हे विष जात नाही, उलट दाट होतं.

वर फेकलेलं खत मातीत नीट मिसळत नाही. जोराचा पाऊस झाला, की विरघळलेला स्फुरद ओघळानं आणि जमिनीत पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून नदीला मिळतो. तेव्हा माती तपासून घ्या, सुपर फॉस्फेट दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाण्याखाली पेरा, आणि आभाळ भरून आलं असता खत फोकू नका.