सक्तीच्या भरतीला दोनदा नकार

लोकशाहीत नागरिकाला सक्तीने सैन्यात घ्यावे काय, हा प्रश्न बहुतेक देशांत संसदेने निकालात काढला. ऑस्ट्रेलियात मात्र पहिल्या महायुद्धात तो थेट मतदारांपुढे गेला, आणि तोही दोनदा. सक्ती की स्वेच्छा, या वादात मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

तिथल्या १९०३च्या संरक्षण कायद्याने देशाच्या भूमीवरील रक्षणासाठी सक्ती करता येई. समुद्रापार मात्र स्वखुशीने तयार असणाऱ्यालाच पाठवता येई. १९१४मध्ये भरतीसाठी रांगा लागल्या. पण १९१६च्या जुलैपासून फ्रान्समधील पोझिएरच्या परिसरात सात आठवड्यांच्या आत सुमारे २३ हजार ऑस्ट्रेलियन सैनिक मृत वा जखमी झाले. नवी भरती ही तूट भरून काढण्यास अपुरी होती. पंतप्रधान बिली ह्यूज यांनी सक्तीचा आग्रह धरला. सिनेटमध्ये स्वपक्षीयांचाच, म्हणजे मजूर पक्षाचा, विरोध दिसल्याने त्यांनी सार्वमत घेतले.

ह्यूज यांच्या बाजूचा युक्तिवाद हलका नव्हता. जो स्वतःहून पुढे येतो त्यानेच मरावे आणि बाकीच्यांनी घरी बसावे, ही कुठली समता? विरोधकांत कामगार संघटना होत्या. आज रणांगणावर सक्ती आली तर उद्या कारखान्यातही येईल, ही त्यांची धास्ती. त्याच वर्षी ब्रिटिशांनी आयर्लंडमधील उठाव चिरडल्याने आयरिश वंशाचे अनेक कॅथलिकही दुखावलेले होते.

२८ ऑक्टोबर १९१६ रोजी १०,८७,५५७ मते बाजूने पडली, तर ११,६०,०३३ विरोधात. सैनिकांचा कौल तर विचारात पाडणारा आहे : ७२,३९९ जणांनी होकार दिला, ५८,८९४ जणांनी नकार. स्वतः खंदकात उभ्या असलेल्यांपैकीही एवढ्या जणांना दुसऱ्याला ओढून आणणे मान्य नव्हते.

मजूर पक्ष फुटला. ह्यूज यांनी नवा पक्ष उभारून मे १९१७ची निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकली. त्या बळावर २० डिसेंबरला त्यांनी पुन्हा कौल मागितला, तर नकार आणखी वाढला : १०,१५,१५९ विरुद्ध ११,८१,७४७. देश चालवण्याचा अधिकार ज्यांना दिला, त्यांनाच घरचा मुलगा परस्पर युद्धावर पाठवण्याचा अधिकार मतदारांनी नाकारला. माझ्या मते या इतिहासाचे सार इथे आहे.

अर्थात ‘स्वेच्छा’ही निर्भेळ नव्हती. न जाणाऱ्या तरुणाच्या हाती भेकडपणाची खूण म्हणून पांढरे पीस दिले जाई. काहींना बेकारीने भरतीकडे ढकलले. चार लाखांहून अधिक माणसे भरती झाली, साठ हजारांवर परतली नाहीत. स्वेच्छेच्या सैन्यात युद्धाची झळ काही घरांनाच लागते आणि उरलेला समाज निर्धास्त राहू शकतो, हा आक्षेप म्हणूनच खोडता येत नाही.

पण सक्तीमुळे ओझे आपोआप सारखे वाटले जाते काय? १९६४मध्ये याच देशाने निवडक सक्ती आणली, आणि या वेळी सार्वमत घेतले नाही. वीस वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखांसाठी क्रमांकांच्या गोट्या पिंपात घालून सोडत काढली जाई. तारीख निघाली आणि मुलगा वैद्यकीय तपासणीत पात्र ठरला, की सहसा सेवा करावी लागे. असे १५ हजारांवर तरुण व्हिएतनामला गेले. सुमारे दोनशे तिथे मारले गेले. १९६६च्या निवडणुकीत मतदारांनी सरकारला भरघोस बहुमत दिले. पण मतदानाचे सर्वसाधारण वय तेव्हा २१ होते. ज्यांच्या तारखा पिंपात होत्या, त्यांना सहसा मतच नव्हते. डिसेंबर १९७२मध्ये व्हिटलम सरकारने ही सक्ती संपवली. पुढच्या वर्षी मतदानाचे वय १८वर आले.

आपले सैन्य स्वेच्छेचे आहे. तरी संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीच्या सेवेची वाट खुली ठेवली असून, त्यात केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. त्या वाटेने जाण्याचा विचार कधी झालाच, तर ‘देशाला किती सैनिक हवेत’ याआधी ‘हे कोण ठरवते आहे आणि जाणार कोण’ हे विचारावे लागेल. ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी १९१६मध्ये ते विचारले. १९६४मध्ये ज्यांनी विचारायला हवे होते, ती मुले मतदारयादीतच नव्हती.